सुगरणीला एका शब्दात कोंडू नका

सुगरण हे मातृत्वाचे प्रतीक. श्यामची आई म्हणजे वात्सल्याची मूर्ती. गाइडमधली अशी उत्तरे पोरे घोकतात आणि त्यांना गुणही मिळतात. परीक्षेपुरते एवढे पुरे, असे म्हणणारे शिक्षक-पालक आमच्या यावलकडेही भेटतात. त्यांचे म्हणणे मला साफ अमान्य आहे.

बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविताच घ्या. पिलांसाठी घरटे विणणाऱ्या सुगरणीत आईपण आहे, यात वाद नाही. पण शेवटी कविता माणसाकडे वळते. पाखराजवळ नुसती इवलीशी चोच, तुला तर दोन हात आणि दहा बोटे! इथे बहिणाबाई कारागिरीचे मोल सांगतात आणि धडधाकट माणसाला जाब विचारतात. ‘मातृत्व’ लिहून मोकळा झालेला विद्यार्थी या जाबापर्यंत पोचतच नाही.

शिवाय, प्रत्यक्षात खोपा विणतो नर. मादी तो पारखून पसंत करते. विहिरीवरच्या झाडाला लोंबणारे खोपे पाहिलेल्या मुलांना हे सांगा आणि विचारा, मग बहिणाबाईंनी विणकाम मादीच्या नावावर का मांडले? ऐन तिशीत वैधव्य आलेल्या, शेतात राबून मुले वाढवलेल्या बाईला घर उभे करणारे हात कुणाचे दिसले असतील? हा प्रश्न वर्गात पडला, की प्रतीक उलगडू लागते.

यावर कुणी म्हणतात, “निरक्षर बाई ती, तिला कुठले आले प्रतीक? हे सारे मास्तरांनी चिकटवलेले.” हेही चूक. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली. त्या गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. पण पाखराकडे बघता बघता माणसाचा संसार दिसायला अक्षरओळख लागत नाही. ओव्या रचणाऱ्या बायकांना ती नजर पिढ्यान् पिढ्या होती.

पात्रांचेही तेच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिला नुसती वात्सल्यमूर्ती म्हटले, की पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारून धाडणारी करारी बाई पुसली जाते. माया आणि कठोरपणा एकाच माणसात कसे नांदतात, हेच तर मुलांना कळायला हवे.

मग ज्याला जो वाटेल तो अर्थ खरा मानायचा का? मुळीच नाही. अर्थ ओळींवर टिकला पाहिजे. “हे कशावरून म्हणतोस?” आणि “तुझ्या अर्थात न बसणारी ओळ कोणती?” हे दोन प्रश्न प्रत्येक धड्याला विचारावेत आणि गुणही त्यांच्या उत्तरांना द्यावेत. बहिणाबाईंच्याच मातीतल्या, त्यांची बोली घरी ऐकणाऱ्या मुलांना तयार उत्तर देणे म्हणजे त्यांच्या समजशक्तीवर अविश्वास दाखवणे होय. तो अविश्वास आधी शिक्षकांनी सोडावा.