नागपुरात ‘हटके’ काही नाही

पुण्यातल्या ऑफिसात वर्षातून चार-पाच वेळा कुणीतरी माझ्या डेस्कपाशी येतं. ताडोब्याला किंवा पेंचला निघालेलं असतं आणि मधे नागपुरात एक दिवस मोकळा असतो. प्रश्न ठरलेला. "तुझ्या गावात काही हटके आहे का रे? दीक्षाभूमी, फुटाळा सोडून. ते सगळेच बघतात."

माझ्या फोनमध्ये याचं उत्तर तयार असायचं. झिरो माइल, मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम, आणि पोळ्याच्या दिवसांत जात असशील तर मारबत. कॉपी, पेस्ट, खाली एक स्मायली. समोरचा खूश, गावाचा मान राखला म्हणून मीही खूश. आता ही यादी पाठवणं मी बंद केलंय. कारण त्या यादीतल्या तिन्ही गोष्टींबद्दल मलाच काही माहीत नव्हतं.

झिरो माइलचंच घ्या. "हा भारताचा मध्यबिंदू, इंग्रज इथूनच सगळ्या देशाची अंतरं मोजायचे," असं मी किती जणांना छातीठोकपणे सांगितलंय याचा हिशेब नाही. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशातलं, कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव दाखवतात. आपल्या खांबावर जबलपूर, हैदराबाद वगैरेंची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत हे खरं. पण तेवढ्यानं तो देशाचा शून्य होत नाही.

खरी मजा शेजारच्या दगडात आहे. बहुतेकांच्या फोटोत खांब येतो, दगडी घोडे येतात, हा दगड येत नाही. त्यावर ‘जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क’ आणि 1907 असं लिहिलेलं आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. इथली उंची नोंदवलेली आहे 1020.171 फूट, समुद्रसपाटीपासून. दशांशानंतर तीन आकडे! फुटाचा हजारावा भाग म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या गावात समुद्राचा हिशेब इतक्या बारकाईनं कशाला? तर देशातल्या कुठल्याही जागेची उंची सांगायची असेल, तर आधी एक पक्की पातळी लागते. त्यासाठी कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांवर भरती-ओहोटीची मापं घेतली गेली. तिथून टप्प्याटप्प्यानं, काठीच्या शेजारी काठी लावत, उंची आतल्या भागात आणली गेली. रेल्वे, कालवे, धरणं यांची गणितं अशाच दगडांवर उभी राहतात.

आणि शब्द बघा. बेंचमार्क! दिवसातून दहा वेळा मी तो मीटिंगमध्ये वापरतो. सर्व्हर किती वेगानं चालतो ते बेंचमार्क करा, फोनचा बेंचमार्क स्कोअर सांगा. हा शब्द आला सर्वेक्षण करणाऱ्यांकडून, मोजपट्टी नेमकी टेकवता यावी म्हणून ते दगडात जी खूण कोरायचे तिच्यापासून. माझ्या रोजच्या धंद्यातला शब्द माझ्याच गावात दगडावर कोरलेला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होतो.

या सर्व्हेची सुरुवात 1802 मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटननं केली. दोन दशकं मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकला आणि जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथंच आहे. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं, ज्याचं नाव शिखराला मिळालं. हिंगणघाट नागपूरपासून हैदराबादच्या रस्त्यानं दीड तासावर. झिरो माइलसमोर ज्याला "हे इथं का?" असा प्रश्न पडला, त्याची गाडी आपोआप हिंगणघाटला पोचेल. ज्याला नाही पडला, तो लगेच मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर पुढचा पॉइंट शोधत असेल.

नॅरोगेज म्युझियमचं तर मला बोलायलाही लाज वाटते. दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर, छोटी इंजिनं, छोटे डबे. "सो क्यूट" असं सगळे म्हणतात. पण ही खेळण्यातली गाडी नव्हती. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, इतवारी–नागभीड नोव्हेंबर 2019 मध्ये. दोन्ही ब्रॉडगेज करायसाठी. करायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. माझी आत्या भिवापूरची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती याच गाडीनं. मी नागपुरात चार वर्षं इंजिनिअरिंग केलं तेव्हा गाडी रोज धावत होती. एकदाही बसलो नाही, भिवापूरला बसनं जायचो. गाडी बंद झाल्यावर मात्र म्युझियममध्ये जाऊन डब्यासोबत फोटो टाकला. आत्यानं तो बघून फोन केला. "त्यात काय बघाचं हाय बे? चालू होती तवा तं आला नाही." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

मारबतीचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका असलेल्या बांकाबाई भोसल्यांशी जोडतात. रोगराई, अनिष्ट रूढी, सगळी पीडा तिच्यासोबत गावाबाहेर जावी ही भावना. बरोबर बडगे असतात, आणि दर वर्षी त्यांचे विषय बदलतात. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी हुंडा. त्यांच्या गळ्यातल्या पाट्या म्हणजे त्या वर्षीचा गावाचा तक्रार अर्ज. रीलमध्ये मात्र वीस सेकंदांचा धूर, ढोल, आणि वर ‘जगातला विचित्र सण’. पाटी वाचता येईल इतका वेळ कॅमेरा थांबतच नाही. विचित्र म्हटलं की वाचायची जबाबदारी संपते.

कुणी म्हणेल, सुट्टीत अभ्यास कोण करणार? आणि या याद्यांमुळे निदान लोक येतात तरी. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. मीही अशाच याद्या वाचून दुसरी शहरं फिरलोय. पण फोटोसाठी आलेली गर्दी फोटोपुरतीच असते. एखादी जागा मोडकळीला आली, बंद पडली, तर ती विचारायला येत नाही, कारण ती होती कशासाठी हेच तिला कधी कळलेलं नसतं. मी स्वतः त्या गर्दीत होतो. आणि अभ्यासाचं म्हणाल तर झिरो माइलच्या दगडावरचं अक्षर न् अक्षर वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रांगेत पोज द्यायला त्याहून जास्त वेळ जातो.

‘हटके’ हा जागेचा गुण नाहीच. भिवापूरच्या माणसाला ती गाडी हटके नव्हती, इतवारीतल्या पोराला मारबत हटके नाही. हटके म्हणजे आपल्याला ज्याचं कारण माहीत नाही ते. मग निदान कारण तरी विचारा.

आता कुणी डेस्कपाशी आलं की मी एकच जागा सांगतो आणि सोबत एक काम देतो. झिरो माइलला जा, छोटा दगड शोध, त्यावरचा आकडा वाच आणि तो कशाचा आहे ते मला येऊन सांग. गेल्या वेळी एक जण नाराज झाला. म्हणाला, "यार, लिस्ट दे ना, एका दगडासाठी कोण जाणार?"

परत आल्यावर मात्र त्यानं आधी हिंगणघाट कुठं आहे ते विचारलं.