साथीआधी पोचलेली टाळेबंदी



कोरोनाचा हिशेब मांडताना आदिवासी पाडे त्या मानाने सुखरूप राहिले, मोकळी हवा आणि विरळ वस्ती त्यांना तारून गेली, असे सर्रास म्हटले जाते. पहिल्या लाटेपुरते ते खरेही असेल. पण तिथे रोगाच्या आधी टाळेबंदी पोचली. २५ मार्च २०२० म्हणजे ऐन मोहफुलांचा हंगाम, त्यापाठोपाठ तेंदूपाने. वर्षाचा बराचसा रोख पैसा याच दिवसांत हाती येतो. आठवडी बाजार बंद पडले. वाळलेल्या मोहफुलांची आधारभूत किंमत केंद्राने किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये केली ती १ मे रोजी, म्हणजे मोहाचा बहर ओसरल्यावर. कोकणपट्टीतली कितीतरी कातकरी कुटुंबे तेव्हा वीटभट्ट्यांवर होती. त्यांची मजुरी आधी घेतलेल्या उचलीत वळती होते, हातात पडते ती आठवड्याची खर्ची. भट्टी थांबली की खर्ची थांबते, उचल मात्र अंगावरच राहते. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य जाहीर झाले ते १४ मे रोजी. तोवर टाळेबंदीचा आठवा आठवडा लागला होता. राज्याने आदिवासींसाठीची खावटी योजना अनुदान म्हणून पुन्हा सुरू केली, कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे खात्यावर आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. पण वस्तूंचे वाटप २०२१ पर्यंत लांबले. एवढ्या दिवसांत सावकाराचा दरवाजा कितीदा ठोठावावा लागला असेल, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची?

म्हणून आदिवासींचे दुबळेपण जंगलात किंवा अज्ञानात शोधू नये. ते मदतीला जोडलेल्या अटींत आहे: कागद, बँक खाते, मोबाइलची रेंज. यावर हमखास उत्तर येते की, लस घ्यायला तेच तयार नव्हते. भीती होती, नाकारत नाही. परंतु १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ‘कोविन’ संकेतस्थळावर नोंदणी केल्याशिवाय लसच नव्हती, आणि पालघर-शहापूरकडच्या केंद्रांवरच्या जागा मुंबई-ठाण्याचे लोक घरबसल्या आरक्षित करून गाडीने येत होते. सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली ती २४ मे रोजी. दारातल्या केंद्रावर परक्यांची रांग लागते आणि आपल्याला परत पाठवतात, हे पाहणाऱ्याच्या संशयाला अंधश्रद्धा म्हणणे सोयीचे आहे, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अटी काढल्या तर बोगस नावे घुसतील. घुसतीलही थोडी. पण पाड्यावर कोण राहते, कोण भट्टीवर गेले आहे, कोणाच्या घरी कार्ड नाही, हे तहसील कार्यालयापेक्षा ग्रामसभेला नेमके ठाऊक असते, आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने लाभार्थी निवडण्याचा अधिकार तिला दिलेलाच आहे. तिथेही दादालोक असतात, म्हणून यादी सभेत मोठ्याने वाचली जावी, पाड्याच्या बोलीत. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात अशी यादी दरवर्षी दिवाळीनंतर, स्थलांतर सुरू होण्याच्या सुमारास, अद्ययावत व्हावी आणि संकट जाहीर होताच तिच्यावरूनच कागद न मागता धान्य सुटावे, भट्टीवर गेलेल्यांना भट्टीवर. पडताळणी नंतर करता येते.

– एक वाचक, ठाणे