वाट्याचे चित्र

जुन्या पाकपुस्तकांतली मांसाच्या तुकड्यांची चित्रे आता चौकटीत बसवून हॉटेलांच्या भिंतींवर लावतात. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या इंग्रजी गृहव्यवस्थेच्या ग्रंथात अशी चित्रे आहेत: जनावराच्या अंगावर रेघा आणि त्यांत आकडे. पाहणाऱ्याला वाटते, देहाची घडणच तशी असावी. पण लंडनचा खाटीक जिथे सुरी घालतो, तिथे पॅरिसचा घालत नाही. त्या रेघा बाजाराने आखल्या आहेत. कोणत्या भागाला काय भाव आणि तो कोणाच्या ताटात जायचा, हे त्या सांगतात.

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत चार-आठ घरे मिळून बोकड घेतात, तेव्हा सुरी वेगळ्या हिशेबाने चालते. तिथे वाटे पडतात. फऱ्याचा तुकडा, बरगडी, नळी, कलेजीचा काप, थोडी चरबी, थोडी वजडी. प्रत्येक ढिगात सगळ्यातले थोडेथोडे. उंची तुकडा बाजूला काढणे हे इथले कसब नव्हे. एका कलेजीचे आठ सारखे काप करायचे आणि कोणाच्याही ढिगात नुसती हाडे जाऊ द्यायची नाहीत, यात कापणाऱ्याचा हात कळतो.

या हाताचे चित्र कोणी काढले नाही. भंडारा मध्य प्रांतात असताना रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली तिथल्या जातिजमातींवर चार खंड काढले. खाटीक आणि कसाई यांच्यावर त्यांत नोंदी आहेत, पण लक्ष सारे जातीवर.

वाट्यातली ही बरोबरी जातीच्या कुंपणाआतच राहिली, हेही सांगितले पाहिजे. मेलेले ढोर ओढणे ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या वाटणीला त्याचेच मांस आले. ते सोडा, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला सांगितले. त्या ताटाचा इतिहास शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यापुरता लिहिला. चान्या (वाळवलेले मांस), रक्ती (शिजवलेले रक्त) हे शब्द त्यामुळे कागदावर आले. भंडारा ज्यात येतो, त्या झाडीपट्टीचे असे पुस्तक मला हवे आहे. कोष्ट्यांच्या सावजी रश्श्यात आतड्याला ‘सुंदरी’ म्हणतात. ज्या भागाला दुसरीकडे नाक मुरडतात, त्याला इतके देखणे नाव देणाऱ्या माणसांची आठवण नुसती तोंडी का राहावी?

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरेल, पाहुणे येतील, बोकड कापले जातील. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. मंडईतल्या दंडार या लोकनाट्याचे फोटो निघतातच. यंदा वाट्यांचेही काढावेत, आणि कापणाऱ्याशेजारी बसून एकेका तुकड्याला तो काय म्हणतो, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.