स्पेअरची पेटी कुणाच्या खर्चाने?

मनालीहून लेहकडे निघालेला ट्रक अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरला की तांडीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारी तिथली पाटी वर्षानुवर्षं पर्यटकांच्या छायाचित्रांत झळकत आली आहे. ट्रकचालकांना त्या पाटीचं अप्रूप नसतं, त्यांनी डिझेलचा हिशेब आधीच केलेला असतो. पण पंख्याचा पट्टा, रेडिएटरचा होज किंवा ब्रेक बूस्टरचा डायाफ्राम यापुढे कुठे मिळेल, याची पाटी कुणीच लावलेली नाही. केलाँग मागे पडलं की सरचू, पांग ही नावं नकाशावर ठळक दिसतात. प्रत्यक्षात तिथे उन्हाळ्यापुरते उभारलेले तंबू, धाबे, लष्कराच्या छावण्या आणि नशीब असलं तर पंक्चर काढणारा एखादा माणूस. मोठ्या ट्रकचे सुटे भाग मिळण्याची खात्री एक तर मागे मनालीत, नाहीतर पुढे लेहमध्ये.

अशा रस्त्यावर ट्रक अडतो तो बहुधा मुठीत मावणाऱ्या वस्तूपायी. टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी दाबाखाली असतं म्हणूनच गाडी ती खिंड ओलांडू शकते. तो दाब धरून ठेवतं रेडिएटरचं झाकण. झाकणातलं रबर कडक झालं असेल तर मैदानात महिनोन् महिने कुणाला कळत नाही. याच रस्त्यावरच्या गाटा लूप्सच्या एकवीस वळणांवर भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली की मात्र पाणी फसफसून बाहेर येतं. झाकणाची किंमत टायरच्या किमतीपुढे नगण्य. पण ते पेटीत नसेल, तर गाडीत भरलेली सिमेंटची पोती किंवा भाजीपाला तिथेच बसून राहतो.

थंडीची तऱ्हा वेगळी. रात्री टाकीच्या आत धरलेलं दव डिझेलमध्ये उतरतं आणि वॉटर सेपरेटरमधून ते रोज काढलं नाही तर पहाटे फिल्टरमध्ये गोठतं. साध्या डिझेलमधलं मेणही कडाक्याच्या थंडीत थिजून फिल्टर बंद करतं. मग टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा जिवावरचा उद्योग सुरू होतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ही मोठी सोय झाली. पण मैदानातून टाकी भरून आलेल्या गाडीत खालचंच डिझेल असतं. तिला जादा फिल्टर सोबत हवेतच, आणि ते बदलल्यावर हँड पंप मारून लाइनमधली एअर काढता येणारा माणूसही हवा.

जुने चालक ही पेटी स्वतः जमवत आले. पट्टे, होज आणि क्लिपा, फ्यूज, बल्ब, फिल्टर, स्प्रिंगच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, व्हील स्टडचे नट, एअर पाइपचे जोड, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, इंजिन ऑइल, तार, एम-सील. शेजारी पाने, टॉमी, जॅक आणि जॅकखाली ठेवायला लाकडी ठोकळा. वरवर हा भंगाराचा ढीग वाटेल, पण त्यामागे पक्का विचार आहे. वस्तू निकामी झाली तर गाडी जागेवर थांबते का, ती वरचेवर जाते का आणि साध्या हत्यारांनी रस्त्याच्या कडेला बदलता येते का, हे पाहूनच ती पेटीत येते. गिअरबॉक्स फुटला तर गाडी थांबते हे खरं, पण तो कडेला बदलता येत नाही, म्हणून त्याचे सुटे भाग वाहून नेण्यात अर्थ नाही. या निवडीत अनेक पिढ्यांचा अनुभव साचलेला आहे आणि कुठल्याही कंपनीच्या मॅन्युअलइतकाच तो मोलाचा आहे.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या ट्रकना ही पेटी अपुरी पडते. देशभर धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर आलं आणि धुराड्याकडे जाणाऱ्या वाटेवर गाळण्या, सेन्सर आणि डीईएफ या द्रवाची फवारणी आली. चालक डीईएफला सरळ 'यूरिया' म्हणतात. ते आहे ३२.५ टक्के यूरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. उणे ११ अंशांना ते गोठतं, म्हणून त्याच्या टाकीला ऊब देण्याची व्यवस्था गाडीतच करावी लागते. कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. अशा लाइनचा जोड धुळीच्या रस्त्यावर उघडायचा म्हणजे एका कणाने इंजेक्टर गमावण्याची तयारी ठेवायची. नवा इंजेक्टर बसवला तरी काम संपत नाही. त्यावर कोरलेला कोड संगणकात भरला नाही तर गाडी नीट ओढत नाही. तो कोड भरणारं यंत्र धाब्यावरच्या मेकॅनिककडे नसतं.

यूरिया संपला, भेसळीचा निघाला किंवा त्या यंत्रणेतला बिघाड दुर्लक्षित राहिला, तर गाडी आधी दिवे लावून इशारा देते. मग तिची ताकद कमी होते. बीएस-६ ज्या युरो-६ च्या धर्तीवर बेतलं आहे, त्या नियमांत पहिल्या टप्प्यावर २५ टक्के टॉर्क काढून घेतला जातो आणि शेवटच्या टप्प्यावर वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला जातो. युरोपच्या महामार्गावर हा धाक योग्यच आहे, तिथे पुढच्या वळणावर सर्व्हिस सेंटर सापडतं. बारालाचा ला चढताना सेन्सरची वायर तुटलेल्या चालकाला मात्र ही सोय नाही. दोष कशात आहे हेही त्याला कळत नाही. समोर फक्त पिवळा दिवा असतो.

म्हणून बीएस-६ नको, असा निष्कर्ष काढणं घातक ठरेल. ट्रकचा काळा धूर दिल्लीतल्या आणि पुण्यातल्या मुलांच्या छातीत जात होता, हे विसरता येणार नाही. यूरियाची यंत्रणा बाहेरून फसवणारी बनावट उपकरणं बसवून देणारे लोक त्या मुलांचंच नुकसान करत आहेत. पण ती उपकरणं विकत घेणारा मालक अनेकदा कंटाळून, गाडी पुन्हा पुन्हा अडते म्हणून तिकडे वळतो. दुरुस्तीचा सरळ रस्ता मोकळा केला तर या आडवाटेचं गिऱ्हाईक घटेल.

तो रस्ता आज कंपन्यांनी अडवलेला आहे. स्कॅनर, त्याचं सॉफ्टवेअर, वायरिंगचे आराखडे आणि कित्येक सुटे भाग अधिकृत वर्कशॉपबाहेर सहज मिळत नाहीत. कारच्या बाबतीत हेच दुखणं भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये स्पष्टपणे मांडलं होतं. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात उपलब्ध करून न दिल्याबद्दल आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच वाहनांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल उघडलं आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतलं. मात्र पोर्टलवर कंपनीने माहिती देणं वेगळं आणि न दिल्यास शिक्षा होणं वेगळं. ट्रकच्या बाबतीत तरी आता सक्तीच हवी. ज्या कंपनीला देशभर ट्रक विकायचा आहे, तिने दोषसंकेत वाचणारं साधं यंत्र वाजवी किमतीत कुठल्याही गॅरेजला विकलंच पाहिजे आणि त्या संकेतांचा अर्थ हिंदी, मराठी, पंजाबी अशा भाषांत छापला पाहिजे.

लांबच्या रस्त्यावर सुट्या भागांची तयारी शिस्तीने करता येते, याचे दाखले आहेत. लष्कराच्या ताफ्यामागे ईएमई या त्याच्या यांत्रिक शाखेची दुरुस्तीची तुकडी चालते, सोबत गाडी ओढून नेणारं वाहनही असतं. ताफ्यातल्या गाड्या शक्यतो एकाच जातीच्या असल्याने एकीचा पार्ट दुसरीला चालतो. डकार रॅलीच्या मॅरेथॉन टप्प्यात बाहेरच्या मेकॅनिकना मज्जाव असतो. स्पर्धकांनी सोबत नेलेल्या सामानावर आणि एकमेकांच्या मदतीवर भागवायचं. म्हणूनच बड्या संघांचे काही ट्रक स्पर्धेत उतरतात ते आपल्या गाड्यांचे सुटे भाग वाहण्यासाठी. शर्यतीसाठी हे सुचतं, पण ज्यांच्या पाठीवर लडाखचा हिवाळ्याचा शिधा जातो त्या ट्रकसाठी कुणी याचा विचार करत नाही.

दुर्गमता फक्त हिमालयातच असते असंही नाही. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पुराच्या पलीकडे अडकलेल्या गाडीतला बिघाड तिथेच सोडवावा लागतो. आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग? तो राज्याच्या मधून जातो, पण दोन्ही बाजूंना कुंपण आहे. जुन्या नाशिक रस्त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला भेटणारं गॅरेज इथे कुंपणापलीकडे राहिलं. उभा ट्रक अशा रस्त्यावर काय करू शकतो, ते १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री वैजापूरजवळ दिसलं. थांबलेल्या ट्रकवर मिनीबस मागून आदळून १२ जणांचा मृत्यू झाला. तो ट्रक बिघडलेला नव्हता, परिवहन अधिकाऱ्यांनी तो थांबवल्याचा आरोप झाला. पण अंधारात मागून येणाऱ्याला कारण दिसत नाही, फक्त समोरची भिंत दिसते. अशा रस्त्यावर लेन अडवून फिल्टर बदलणं किंवा मदतीची तासन् तास वाट पाहणं दोन्ही जीवघेणंच आहे. ठरावीक अंतरावर सुसज्ज फिरती गॅरेजं आणि ओढून नेणारी वाहनं ठेवणं ही टोल घेणाऱ्याची जबाबदारी मानली पाहिजे.

आज पेटीचा भुर्दंड चालकावर पडतो. अनेक ठिकाणी त्याला फेरीच्या हिशेबाने पैसे मिळतात. गाडी चार दिवस अडली तर ते दिवस बिनपगारी जातात, शिवाय जेवणखाण पदरचं. मालकाला वाटतं, पट्टे-होज घेऊन ठेवणं म्हणजे पैसे अडकवणं. कंपनीला वाटतं, तो विषय वॉरंटीबाहेरचा. या तिघांत ज्याच्या हातात सगळ्यात कमी पैसा आहे, तोच जुनी पेटी घेऊन निघतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चालकाचा विचार कायद्यात आणता येतो, हे त्यावरून सिद्धच झालं आहे. आता नवा ट्रक विकतानाच त्या मॉडेलसाठी कंपनीने ठरवलेली सुट्या भागांची पेटी सोबत द्यावी. ती भरलेली राहील याची जबाबदारी मालकावर टाकावी आणि फिटनेस तपासणीत ती उघडून पाहावी. आणि बिघाडाने वाया गेलेल्या दिवसांचा भत्ता चालक व क्लीनर दोघांनाही लेखी कराराने मिळावा.