वर्दी दिलीत, वेळ कोण देणार?

राष्ट्रीय छात्र सेनेत (एनसीसी) आणखी तीन लाख जागा निर्माण करून छात्रांची संख्या वीस लाखांवर नेण्याचे दिल्लीने 2024 मध्ये ठरवले. त्याआधी 15 ऑगस्ट 2020 रोजी लाल किल्ल्यावरून सीमेवरच्या आणि किनारपट्टीच्या 173 जिल्ह्यांत एक लाख नवे छात्र घडवण्याची घोषणा झाली होती. सुरत हा किनारपट्टीचाच जिल्हा. या शहराच्या उत्तर टोकाला, कोसाडच्या आवासांत, झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांची मुले वाढत आहेत. खाकी अंगावर चढावी म्हणून पहाटे धावणारी पोरे अशाच वस्त्यांतून निघतात. त्यांच्यापुढे उभे राहून ‘सावधान’ म्हणणारा माणूस सरकार कुठून आणणार आहे?

बटालियनचा हवालदार येतो, कवायत घेतो आणि पुढच्या शाळेला जातो. तुकडी वर्षभर जगवतो तो शाळेतला गणिताचा, भूगोलाचा किंवा पी.टी.चा मास्तर. कागदोपत्री तो ‘असोसिएट एनसीसी ऑफिसर’. मुलांसाठी ‘एनसीसीचे सर’. घरदार सोडून हा माणूस कित्येक आठवडे कामठीच्या अकादमीत घाम गाळतो. शिक्षिका ग्वाल्हेरला जातात, कुणी तान्हे मूल सासूच्या हवाली करून. परत आल्यावर नावनोंदणीचे अर्ज, मुलांची बँक खाती, बुटांचे माप, अल्पोपाहाराचा हिशेब, दहा दिवसांच्या शिबिरासाठी पालकांची समजूत, ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी हजेरी, सारे त्याच्याच माथी. सुट्टीचा रविवार परेडचा. बदल्यात मिळते ते मानधन, आणि खांद्यावर अशी रँक, जिला छात्र सेनेबाहेर कुणी विचारत नाही.

आणि वर्गातले तास? त्यातला एकही कमी होत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नका म्हणते; ही तीन दारे उघडी ठेवली, आणि त्यातल्या निवडणुकीच्या दारातून आज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे ‘बीएलओ’चे, ओझे शिक्षकाच्या डोक्यावर येऊन बसले आहे. मतदारयादी घेऊन दुपारभर जिने चढणारा मास्तर संध्याकाळी मैदानावर कोणत्या आवाजात आज्ञा देणार? ज्याने स्वेच्छेने हात वर केला त्याच्याच पाठीवर आणखी चार गाठोडी टाकायची आणि त्याला राष्ट्रसेवा म्हणायचे, ही सरळ श्रमाची चोरी आहे. सरकार ती करते, संस्थाचालक तिच्यात भागीदार होतात आणि 26 जानेवारीला त्याच मास्तरच्या तुकडीकडून मानवंदना घेताना कुणाची मान खाली जात नाही!

हा धडा या देशाने एकदा शिकून विसरून टाकला आहे. कुंझरू समितीच्या शिफारशीवरून 1948 च्या कायद्याने छात्र सेना उभी राहिली, ती स्वेच्छेच्या पायावर. चीनच्या युद्धाचा घाव बसला आणि 1963 मध्ये महाविद्यालयांत ती सक्तीची झाली. मुले लाखांनी वाढली. त्यांना घडवणारे अधिकारी आणि साधने त्या प्रमाणात वाढली नाहीत. परेड म्हणजे उन्हात हजेरी लावण्याची शिक्षा, असे एका पिढीच्या मनात बसले आणि 1968 मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. पुढे सत्तरच्या दशकात छात्र सेनेचे मूल्यमापन करायला समिती नेमली गेली, ती आपल्या डॉ. ग. स. महाजनींच्या अध्यक्षतेखाली. 2021 मध्ये बैजयंत पांडांची समिती आली. समित्या येतात, जातात. मास्तरचे वेळापत्रक मात्र जागचे हलत नाही. आणि 2025 मध्ये महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे पहिलीपासून माजी सैनिकांकरवी लष्करी शिस्तीचे धडे देऊ म्हणाले! माजी सैनिक जरूर आणा, त्यांची कवायत मोलाची आहे. पण कुठल्या पोराच्या घरी आज चूल पेटलेली नाही, कोण मार खाऊन आला आहे, हे ओळखणारा डोळा रोजच्या शिक्षकाचाच असतो.

तो डोळा हटला की काय होते, ते ठाण्याने 2023 च्या ऑगस्टमध्ये पाहिले. चिखलपाण्यात ओणवे पडलेले छात्र आणि त्यांच्यावर दांडका चालवणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी! चित्रफीत फिरली, सारा महाराष्ट्र हळहळला आणि चार दिवसांत विसरला. ज्याच्या हाती काठी होती तोही कुणाचा तरी विद्यार्थीच होता. सत्ता कशी वापरायची हे त्याला कुणी शिकवायचे होते? त्याहून भयंकर घटना 2024 मध्ये तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात घडली. एका खासगी शाळेत छात्र सेनेच्या नावाने बनावट शिबिर भरले आणि तिथे शाळकरी मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. छात्र सेनेचा त्या शिबिराशी काडीचा संबंध नव्हता. शाळेत खरा, प्रशिक्षित अधिकारी असता तर कुणी तोतया फाटकाच्या आत पाऊल टाकू शकला असता काय? रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे कुणीतरी शिरतोच.

कोसाडसारख्या वस्तीवर दुहेरी अन्याय आहे. सरकारी खर्चाच्या तुकड्यांसाठी शाळा रांगेत ताटकळतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी स्वखर्चाच्या तुकडीची वाट उघडी आहे. म्हणजे फी भरणाऱ्याच्या मुलाला वर्दी लवकर आणि यंत्रमागावर राबणाऱ्याच्या मुलाने वाट बघायची. अग्निवीर भरतीत छात्र सेनेच्या प्रमाणपत्राला जादा गुण आहेत. ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय अधिकारीपदाच्या मुलाखतीपर्यंत जाता येते. हे दार ज्यांना सर्वांत जास्त हवे त्यांच्याच शाळेत प्रशिक्षित शिक्षक नाही, ही गोष्ट आम्हांला झोप लागू देत नाही. एक सर बदलून गेले की तुकडी अप्रशिक्षित ‘केअरटेकर’ शिक्षकाच्या हवाली होते आणि तोही थकला की बुटांचे खोके कपाटात पडून राहते.

सुरतेतल्या मराठी मंडळांनाही आमचे सांगणे आहे. गणेशोत्सवाच्या मांडवावर खर्च होतो, तो होवो. पण नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत आणि पालिकेच्या सुमन हायस्कुलांत छात्र सेना चालवायला कोण तयार आहे, कोणाला कामठीला पाठवता येईल, हे विचारायला तुमचे शिष्टमंडळ पालिकेत कधी गेले? आपल्या पोरांसाठी भांडायला दुसरे कोणी येणार नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांत एकही भीक नाही. परेडचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरा. तुकडीच्या अधिकाऱ्याला बीएलओच्या कामातून लेखी सूट द्या. प्रत्येक तुकडीत दुसरा शिक्षक तयार करा, म्हणजे पहिला गेला तरी मुले वाऱ्यावर सुटणार नाहीत. मुलींच्या तुकडीला तर दोन शिक्षिका हव्यातच. मानधन राबवून घेणाऱ्याला लाज वाटणार नाही इतके करा. केंद्र आणि राज्य यांनी खर्चाच्या वाटणीवरून एकमेकांकडे बोट दाखवणे आजच बंद करावे. आणि येत्या जूनमध्ये नावनोंदणी सुरू होण्यापूर्वी सुरत महापालिकेने कोसाड आणि अमरोलीच्या प्रत्येक पालिका शाळेच्या फाटकावर लिहून लावावे: या शाळेत तुकडी आहे की नाही, नसेल तर का नाही, आणि तिच्यासाठी कामठीला किंवा ग्वाल्हेरला कोणत्या शिक्षकाचे नाव गेले आहे.