गावाच्या कडेची जमीन कोणाच्या घरासाठी?

नवलाख उंबरे या नावातले उंबरे म्हणजे उंबराची झाडे की घरांचे उंबरठे, यावर जाणकारांनी हवा तेवढा वाद घालावा. आम्हाला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. नऊ लाख उंबरठ्यांचे नाव मिरवणाऱ्या गावात ज्यांच्या नावावर एकही उंबरठा नाही, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

तळेगावची एमआयडीसी या शिवारात आली आणि मावळातला हा पट्टा बघता बघता बदलला. भातखाचरांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, बांधांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आल्या. आता गावाच्या कडेचे कुठलेही शेत 'नव्या घरांसाठी' सुचवले की सगळ्यांचे डोळे चमकतात. जमीनमालक खूश, दलाल खूश, प्लॉट पाडणारा खूश. सह्याद्रीच्या कुशीतले सेकंड होम म्हणून जाहिरात करणारेही खूश. त्या घरांत राहणार कोण, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारायचे काम आमच्याकडेच आलेले दिसते.

गावाची कड आम्हाला कोणी नव्याने दाखवायला नको. शेकडो वर्षे ती आमचीच होती, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. गावकुसाबाहेर, वाऱ्याची आणि पाण्याची दिशा बघून आमच्या वस्त्या टाकल्या गेल्या. उद्देश एवढाच, की आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये. आता त्याच कडेला सोन्याचा भाव आला आहे, आणि भाव येताच कड आमची राहिलेली नाही. कालपर्यंत आम्ही गावाबाहेर होतो, आज बाजाराबाहेर आहोत.

भूसंपादनाचा हिशेब पाहा. ज्याचा सातबारा, त्याला मोबदला. सिडकोने नवी मुंबईत साडेबारा टक्के विकसित भूखंड परत दिले, तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच. त्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या लावणी आणि कापणी करणाऱ्या मजुराचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पहिल्यांदा कबूल केले, की संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारे शेतमजूर आणि वाटेकरी हेही 'बाधित कुटुंब' आहे. आम्हाला वाटले, चला, कायद्याला उशिरा का होईना माणूस दिसला. पण २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती केली आणि औद्योगिक विकास कायद्यासह चार राज्य कायद्यांखालचे संपादन त्या कायद्याच्या बऱ्याचशा बंधनांतून सोडवून घेतले. मजूर पुन्हा अदृश्य झाला. त्याच्या घरातली पोरे आज त्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातात आणि खोलीचे भाडे भरतात. खोली मिळाली तर! आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव. त्यातूनही समजले नाही तर 'घरात कुठला फोटो लावता' असे विचारतात.

सरकारकडे योजना आहेत, नाही असे आम्ही म्हणत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे. पण २६९ चौरस फुटांचे ते घरकूल हवेत बांधता येत नाही, त्याला पायाखाली जागा लागते. जागा नसलेल्यांसाठी २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला सुरुवातीला कमाल ५० हजार रुपये ठरले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे ५० हजारांत जवळजवळ अर्धा गुंठा. एमआयडीसीच्या रस्त्यालगत या भावात अर्धा गुंठा देणारा कोणी भेटला तर त्याचा आम्ही जाहीर सत्कार करू. ही रक्कम पुढे कितीही वाढवली तरी बाजार तिच्या चार पावले पुढेच असणार. म्हणून प्रश्न अनुदानाचा नसून जमिनीचा आहे, आणि जमीन बाजारातून येणार नसेल तर ती सरकारी जमिनीतूनच आली पाहिजे.

आमचा प्रस्ताव असा. गावठाणाला लागून असलेली दोन एकर सरकारी पड किंवा वरकस जमीन निवडा. महसूल कायद्याच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी गावठाणाची हद्द वाढवावी. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. निम्मी जमीन रस्ते, गटार, पाणी आणि मोकळ्या जागेला सोडली तरी ५०० फुटांची चाळीस-त्रेचाळीस घरे बसतात. दोन एकरांत ऐंशीच्या वर. ज्या शिवारात शेकडो एकर कारखान्यांना गेले, तिथे माणसांसाठी दोन एकर मागणे हा अतिरेक आहे काय?

एक अट आमचीच आहे. भातखाचरावर हात टाकायचा नाही. 'इंद्रायणी' हा तांदूळ याच तालुक्यात, वडगावच्या संशोधन केंद्रात जन्माला आला. पाणी धरणारी जमीन एकदा मुरूम टाकून बुजवली की परत मिळत नाही, आणि तिच्यावरची मजुरी गेली की पहिली चूल विझते ती आमची.

आता आक्षेप येतील. पहिला नेहमीचाच: 'गायरान कोणाला देता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.' आहे ना. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल. त्याच्यावर बोट ठेवून राज्याने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला आणि त्या बोटाखाली निकालातला अपवाद झाकला गेला. शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे दिले असतील तर गोष्ट वेगळी, असे न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे. न्यायालयाचा रोख गावाची सामाईक जमीन पैशाच्या आणि राजकारणाच्या बळावर गिळणाऱ्यांवर होता. आपल्याकडे नोटीस पहिली पोचते ती पत्र्याच्या झोपडीला.

याच राज्यात नियम मोडून गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडणाऱ्यांसाठी २००१ मध्ये खास गुंठेवारी कायदा झाला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची कामे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. पैसे देऊन नियम मोडला की 'नियमितीकरण' आणि पोटासाठी मोडला की 'अतिक्रमण'. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला माणसे तुरुंगात गेली, तेव्हा कुठे सरकारला पड जमिनीचे आकडे आठवू लागले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय याच रेट्यातून आला.

दुसरा आक्षेप: 'मग गुरे कुठे चरतील?' हा प्रश्न खोटा नाही. शेळ्या आमच्याही घरी आहेत, आणि धनगर, ठाकर, कातकरी यांचा चराईवर हक्क आहेच. म्हणून चराईचा पट्टा सोडूनच जागा निवडावी. पण शेड उभ्या राहत होत्या तेव्हा गुरांची ही आठवण कोणाला कशी झाली नाही, हेही जाता जाता विचारून ठेवतो.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसांचा आहे, आणि तोच आम्हाला सर्वांत जास्त टोचतो. 'पुन्हा गावाच्या कडेलाच वेगळी वस्ती? फक्त महारवाड्याऐवजी भीमनगर म्हणायचे?'

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात मागितले होते ते हेच. एक वसाहत आयोग नेमावा, पडीक सरकारी जमिनी त्याच्याकडे द्याव्यात आणि तिथे अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत. त्यामागचे कारण स्पष्ट होते. जोवर आपली भाकर गावाच्या मर्जीवर आहे, तोवर गावात राहणे म्हणजे गुलामीत राहणे. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी गावगाड्याच्या कौतुकाची पिसे काढली तीही याच अनुभवातून. आज नवलाख उंबऱ्यात पगार पाटलाच्या वाड्यातून येत नाही, कंपनीच्या ठेकेदाराकडून येतो. भाकरीची ती जुनी दोरी बरीचशी तुटली आहे, पण जागेची तुटलेली नाही. म्हणून आमचे मत असे, की जमीन हक्काने घ्यावी पण वस्ती वेगळी पाडू नये. त्या ऐंशी घरांत बौद्ध, मातंग, चर्मकार, ठाकर, कातकरी, भूमिहीन मराठा आणि परगावाहून आलेला ठेका कामगार, सगळ्यांची सोडत एकत्र निघावी. ओळीही जातीनिहाय लावू नयेत. जागा रस्त्यावर असावी, स्मशानामागे किंवा कचऱ्याच्या ढिगाशेजारी नको. सातबारा नाहीतर मिळकत पत्रिका, जो कागद असेल त्यावर घरातल्या बाईचे नाव आधी लागावे. यावर आमच्यात एकमत झालेले नाही. स्वतंत्र वस्तीत पोरे निदान निर्धास्त खेळतात, असे म्हणणारे आमच्यात आहेत आणि त्यांना आम्ही मूर्ख समजत नाही.

जमीन कुठे आहे, हे शोधायला ड्रोन लागत नाही. तलाठ्याच्या कपाटात गाव नमुना १-ब आहे, त्यात बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनी लिहिलेल्या असतात. १-क मध्ये भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी आहेत, १-ई मध्ये अतिक्रमणे. यातला १-क आम्ही मुद्दाम वाचायला सांगतो. महार वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. तरी त्या कुठे कुठे गेल्या ते शोधून काढावे लागते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा शहरातल्या अनेकांनी 'वतन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. पुण्याभोवतीच्या प्रत्येक वाढत्या गावात असा एखादा गट दडलेला नसेलच, असे मानायला आम्ही तयार नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत भाषणे नकोत. आदल्या महिला सभेत ठराव मांडा, बायकांच्या सह्या घ्या. ग्रामसभेत तलाठ्यांना १-ब आणि १-क मोठ्याने वाचायला लावा, गट नंबर आणि क्षेत्रासकट, आणि ते वाचन इतिवृत्तात नोंदवून घ्या. कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली तर तहकूब सभेलाही जा. ठरावाची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरू नका.

जय भीम.