ताडोबा बंद? मग मंगळवार विका!



ताडोबा दर मंगळवारी बंद असतं. स्वतःच्या गाडीनं लांबून आलेलं कुटुंब त्या दिवशी काय करतं? रूमवर मोबाईल बघत बसतं, नाहीतर सोमवारीच परत निघतं. आणि आपली पोरं म्हणतात, ‘इथं धंदाच नाही!’

माझं मत स्पष्ट आहे. सफारीच्या मागे सगळेच लागलेत, तुम्ही मंगळवार विका.

गाडी पाहुण्यांचीच आहे, म्हणजे तुमचं मोठं भांडवल वाचलं. तुम्ही द्यायचं नियोजन, वाटाड्या आणि डबा. मोहर्लीहून पहाटे निघा. मूलमार्गे वैनगंगा ओलांडून मार्कंड्याला जा. इथं नदी उत्तरेकडे वाहते, काठावर शिल्पांनी भरलेली जुनी देवळं आहेत. मे महिन्यात दगड तापायच्या आत दर्शन उरका. मग सावलीत झुणका-भाकर, जवसाची चटणी. वरोऱ्याकडून परतणाऱ्यांना बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन सुचवा. हेमलकसा मात्र त्याच दिवसात कोंबू नका, तो वेगळ्या मुक्कामाचा प्रवास आहे.

लक्षात ठेवा, कुटुंब आधी भरवसा विकत घेतं. आजीला किती पायऱ्या, स्वच्छ बाथरूम कुठं, पेट्रोल कुठं, हे आधीच कळवा.

दर ठरवताना स्वतःची मजुरी धरा. फुकटची सेवा दोन महिन्यांत बंद पडते.

येत्या मंगळवारी आधी स्वतःच्या घरच्यांना घेऊन हा रस्ता फिरा. वेळ, खर्च, अडचणी वहीत लिहा. तीच तुमची पहिली बिझनेस प्लॅनची वही!